बाहेरून पाहिलेलं छप्पर

बाबा, तुम्ही गेल्यावर वर्षभरात तुमचा पानमळा वाळला. तुम्ही असता तर आधी मलाच विचारलं असतं, आत कोण गेलं होतं म्हणून. कोणीच गेलं नव्हतं. पाणी द्यायलाही नाही.

मला तुम्ही मळ्याच्या दारापर्यंतच येऊ दिलं. मी बोडीतून, आपल्या त्या लहान तळ्यातून, घागर भरून आणायची, दाराशी ठेवायची, तुम्ही आतून हात काढून ती ओढून घ्यायचात. एकदा माझा एक पाय आत पडला तर केवढ्यानं ओरडलात. "बाईमाणूस आत गेली का वेल जळते." मी विचारलं, "काऊन?" तुम्ही म्हणालात, "काऊन नाई विचारायचं. घागर ठेव अन् जाय." मी आठ वर्षांची होते. त्याचा राग अजून आहे, सांगून टाकते.

आता ऐका. बोडीकाठची तुमचीच ती पट्टी मी मालगुजाराकडून मागून घेतली. तो हसला. म्हणाला, दिवाळीपर्यंत वेल जगली तर पट्टी तुझी, नाही तर मी परत घेईन. तुमचा जावई तिकडे दरेकशाला जंगलकामावर, आणि गावातला एक गडी बाईच्या पानमळ्याला हात लावीना. मग एकटीनंच बांबू फोडले, खांब पुरले, चारी बाजूंना तट्टे बांधले, शिडीवर चढून गवताचं छप्पर घातलं. तळहाताची सालं निघाली. पण इतका सरळ मांडव पंचक्रोशीत नव्हता. तुमचाही नव्हता. आषाढात वेल लावली.

श्रावण संपता संपता ती पिवळी पडली. शेजारची म्हातारी येऊन म्हणाली, "वेल मरून रायली ना? बाप सांगून गेला होता तुले." मी म्हटलं, "बाप पाणी तं माह्याच हातचं घेत होता." ती गेली.

पुढे आठ दिवसांनी, भर दुपारी आत वेल बांधत होते, तर अंधारात हातातली गाठ दिसेना. तेव्हा उमगलं. तुमचं छप्पर मी जन्मभर बाहेरूनच पाहिलं होतं. बाहेरून ते घराच्या छपरासारखं दाट दिसायचं, म्हणून मीही तसंच घातलं. आतून ते किती विरळ असतं, ऊन कसं ठिपक्याठिपक्यांनी वेलीवर येतं, हे तुम्ही मला कधी पाहूच दिलं नाही. ही चूक तुमची, बाबा. मी शिडी लावली आणि मुठीमुठीनं गवत उपसलं.

दिवाळीला वेल माझ्या खांद्याच्या वर गेली होती. मालगुजारानं दाराशी जोडे काढले, आत डोकावला, आणि पट्टी माझ्याकडे राहिली. आता आमगावच्या बाजारात लोक पान हातात घेऊन विचारतात, बोडीवालीचं आहे का. मांडव तीनदा नवा केला, तिन्ही वेळा एकटीनं. ऊर भरून येतो, खोटं कशाला बोलू.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून एक लिहिते. म्हातारीला मी तोंडावर उत्तर दिलं खरं. पण ती गेल्यावर आत जाऊन वेलीपुढे हात जोडले आणि माझा पाय लागला म्हणून माफी मागितली. ते आठ दिवस मलाही तुमचंच खरं वाटत होतं.