टोल्याविरुद्धचा अर्ज

दि. ६ मार्च

चि. बापूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र मुद्दाम कचेरीच्या पत्त्यावर टाकते आहे, कारण काम कचेरीचंच आहे आणि घाईचं आहे. भाऊ काय करतो असं कुणी विचारलं की नगरपालिकेत आहे एवढंच सांगून मी विषय बदलायचे. कोंडवाड्यावर कुत्री सांभाळतो म्हणायची लाज वाटायची. आज त्याच नोकरीपुढे पदर पसरते आहे, तेव्हा हसून घे.

आमच्या तळमजल्यावरचे घड्याळजी तुला आठवत असतील. पंधरा दिवसांपूर्वी दुकानातच त्यांची उजवी बाजू गेली. मुलगा आला आणि त्यांना आपल्या गावच्या इस्पितळात घेऊन गेला. त्या धावपळीत कुत्रा मागे राहिला, तो टोल्या. घड्याळात जेवढे टोले पडतील तेवढ्या वेळा भुंकायचा, म्हणून हे नाव. दुपारी बारा वाजता साऱ्या बिल्डिंगची करमणूक व्हायची. आता घड्याळांना किल्ली द्यायला कुणी नाही, तर हा वाटेल तेव्हा सुरू होतो. बंद दारापुढे बसून भुंकतो, जिन्यात घाण करतो. मी दोन वेळा दूध-पाव घालते, पण घरात घेऊ कशी? लेक दीड महिन्याचं बाळ घेऊन आली आहे. ते दचकून उठतं, ते रडतं म्हणून लेक रडते, आणि लोकांचे शिवायला घेतलेले कपडे मशीनवर तसेच पडून.

परवा सोसायटीच्या चिटणिसांनी नगरपालिकेला द्यायचा अर्ज फिरवला. मीही सही केली. चष्मा सापडत नव्हता म्हणून वाचला नाही. सगळेच सह्या करणार म्हटल्यावर त्यात वाचायचं काय? मनात म्हटलं, आमच्याकडची कुत्री तुमच्याच कोंडवाड्यात जातात, म्हणजे टोल्या माझ्या भावाकडे जाणार. आज सकाळी गाडी आली आणि त्याला घेऊन गेली. तपकिरी आहे, उजवा कान फाटलेला. तुम्ही आठ दिवस मालकाची वाट बघता असं तू मागे सांगितलं होतंस. त्या आठाचे ऐंशी कर, साहेबांच्या हातापाया पड, पण घड्याळजी येईपर्यंत त्याला सांभाळ.

दोन ओळी तरी लगोलग टाक. आमची सगळ्यांची माया तुझ्यापाशी पोचती समज.

तुझी ताई


दि. १५ मार्च

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

नऊ दिवस झाले, तुझी चिठ्ठी नाही. लहानपणी बोलावलं की न ऐकल्यासारखं करायचास, ती खोड अजून गेलेली दिसत नाही. का रागावलास? नोकरीबद्दल मी उगाच लिहिलं.

काल घड्याळजींच्या मुलाचं पत्र आलं. त्यांची तब्येत सुधारते आहे. जीभ जड आहे, पण समजतं सगळं. शुद्ध आल्यापासून डाव्या हाताने जमिनीपासून हातभर उंची दाखवत राहतात. मुलाला दोन दिवस कळेना, मग उमगलं की कुत्र्याची चौकशी चालली आहे. मी उलट टपाली कळवून टाकलं की टोल्या सुखरूप आहे, माझा सख्खा भाऊ त्याच्याकडे बघतो आहे, काळजी नसावी. मुलाने ते वाचून दाखवलं तर म्हातारा जीव तेवढ्याने उठून बसेल.

तेव्हा आता मला खोटं पाडू नकोस. तू बरा आहेस ना, एवढं तरी कळव. उत्तर येईपर्यंत माझ्या जिवाला चैन नाही.

तुझी ताई


दि. १९ मार्च

ती. ताईस,
बापूचा शि. सा. नमस्कार.

तुझी दोन्ही पत्रं काल एकदम हातात पडली. ती माझ्या टेबलावरच पडून होती, तीन आठवडे मीच टेबलावर नव्हतो. तुला कळवलं नव्हतं, पण फेब्रुवारीच्या शेवटी पिंजऱ्यात पाणी ठेवताना एका कुत्र्याने माझा हात मनगटापासून फोडला. टाके पडले, इंजेक्शनं झाली, सक्तीची रजा मिळाली. तू उगाच हाय खाशील म्हणून कळवलं नाही. आता हात बरा आहे. हे पत्र त्याच हाताने लिहितो आहे, अक्षरावरून दिसेलच.

ताई, टोल्या नाही. आडवळणाने लिहून बघितलं, दोन कागद फाडले, शेवटी सरळच लिहितो. सहा तारखेला तो आमच्याकडे आला आणि नऊ तारखेला सकाळी डॉक्टरांनी त्याला इंजेक्शन दिलं. आठ दिवसांचा नियम आहे, पण तो साध्या कुत्र्यांना. मला चावा बसल्यावर साहेबांनी नवा हुकूम काढला की अर्जात कुत्रा चावतो असं असेल तर तीन दिवसांच्या वर ठेवायचं नाही. तुमच्या अर्जात तसं आहे. अर्ज मी फायलीतून काढून वाचला आणि त्याची नक्कल सोबत जोडली आहे. त्यात म्हटलं आहे की कुत्रा बेवारस आहे, पिसाळल्यासारखा करतो, दोन मुलांना चावला आहे. खाली अकरा सह्या आहेत. तुझी तिसरी.

कुणाला किती बोल लावायचा ते मला कळत नाही. मी कामावर असतो तर तुझं पत्र वेळेवर उघडलं असतं. मला चावा बसला नसता तर तो हुकूमच निघाला नसता. काल दिवसभर हेच उलटसुलट डोक्यात चाललं होतं.

तुला मी कधी दुखावलं नव्हतं, आज दुखावलं. तरी तुझी सावली माझ्यावरून काढू नकोस.

तुझा बापू


दि. २४ मार्च

चि. बापूस,
आशीर्वाद.

चष्मा लावून अर्ज वाचला. चार वेळा वाचला. बेवारस! पंधरा दिवस मी माझ्या हाताने ज्याला खायला घातलं, ज्याचा मालक मला नावानिशी ठाऊक, त्याला मी बेवारस म्हणून सही करून दिली. दोन मुलांना चावला म्हणे. अरे, त्या जिन्यात मुलं त्याच्या अंगावर बसून खेळायची.

नक्कल घेऊन तशीच चिटणिसांकडे गेले. शरमतील असं वाटलं होतं. ते म्हणाले की चावतो असं लिहिल्याशिवाय तुमची गाडी येतच नाही, सगळ्याच सोसायट्या तसं लिहितात, त्यात एवढं मनाला काय लावून घ्यायचं. वर मलाच विचारलं की आता जिन्यात शांतता आहे की नाही. आहे. बाळ मात्र अजून तसंच दचकून उठतं. डॉक्टर म्हणाले, या वयात उठतातच, त्याचा आवाजाशी संबंध नसतो.  

सोबत तुझ्या साहेबांना एक कागद पाठवते आहे. टोल्या कुणाला चावलेला नाही, त्याला मालक होता, आणि मी न वाचता सही केली, असं त्यात लिहिलं आहे. हा मात्र वाचून, समजून सही केलेला आहे.

खरी पंचाईत पुढेच आहे. रविवारी घड्याळजी घरी येताहेत. मुलगा चार दिवस राहील, मग शेजारीपाजारी बघतील असं ठरलं आहे. शेजारीपाजारी म्हणजे मीच. बापू, टोल्या आजारी पडून गेला असं सांगू का? आधीच एक खोटं लिहून बसले आहे, त्यात आणखी एक. आजारी माणूस आहे, खरं ऐकून काही झालं तर? तू लहान आहेस, पण या बाबतीत तूच मला सांग. माझं डोकं चालेनासं झालं आहे.

वाट बघते.

तुझी ताई


दि. २७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

तुझा कागद साहेबांनी वाचला. मेलेल्या कुत्र्याच्या कागदाचं करायचं काय, असं त्यांनी विचारलं. मी तो फायलीत अर्जाच्या मागेच टाचला आहे. हुकूम अजून तोच आहे.

तू विचारलंस म्हणून सांगतो. आजाराचं सांगू नकोस. एकदा खपेल, पण तुला रोज त्यांच्या दारावरून जायचं आहे आणि बिल्डिंगमध्ये अकरा तोंडं आहेत. दुसऱ्या कुणाकडून त्यांना कळलं तर तू दोनदा दोषी ठरशील. माझंही नाव सांग. भाऊ बघतो आहे असं तू कळवलं होतंस, तो भाऊ घरी पडून होता, हेही सांग.

ते बहुतेक विचारतील म्हणून मी डॉक्टरांकडे चौकशी करून ठेवली. डॉक्टर वाईट माणूस नाहीत, आमच्यापैकी कुणीच नाही. ते म्हणाले की तपकिरी कुत्रा त्यांना आठवतो, पिंजरा उघडल्यावर आपल्या पायांनी बाहेर आला आणि गडबड अजिबात केली नाही. त्याला नावाने कुणी हाक मारली नाही, कारण नाव कुणाला माहीतच नव्हतं. अर्जात नाव नव्हतं. गोड करून लिहिता आलं असतं, ताई, पण तू आता खोट्याला विटली असशील.

रविवारी मी यायला हवं होतं. पण कोंडवाड्याला रविवार नसतो आणि रजा सगळी संपली आहे. तुझ्या पायांशी मनाने आहे, तेवढं पदरात घे.

तुझा बापू


दि. ५ एप्रिल

चि. बापूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

सांगितलं. रविवारी धीर झाला नाही, सोमवारी गेले. मुलगा औषधं आणायला बाहेर गेला होता. घड्याळजी खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, उजवा हात उशीवर ठेवलेला. मला बघून तोंड भरून हसले आणि माझ्या मागे दाराकडे बघू लागले. तो माझ्याबरोबर येईल असं त्यांना वाटलं होतं.

मी उभ्यानेच बोलले. थांबले असते तर जमलं नसतं. अर्ज, माझी सही, तुझा हात, तो हुकूम, नऊ तारीख, सगळं. त्यांनी डाव्या हाताने कागद मागितला, पण अक्षरं त्यांना नीट लागेनात. मग खूण केली की वाच. बापू, तो अर्ज मी त्यांच्यापुढे पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचला. बेवारस वाचलं, पिसाळलेला वाचलं, दोन मुलं वाचली, रोज वेळीअवेळी भुंकून रहिवाशांना त्रास देतो हे वाचलं, आणि खाली माझं नाव वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी कागद परत आपल्या हातात घेतला. मग जड जिभेने एकेक शब्द काढत म्हणाले की भुंकायचा, ते मात्र खरं. आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एकच हात चालतो, त्यात तो कागद होता, म्हणून पुसताही येईना. मी पदर पुढे केला, तर त्यांनी मान फिरवली.

शेवटचं कुणी जवळ होतं का, हे त्यांनी विचारलंच. तू लिहिलंस ते जसंच्या तसं सांगितलं. नाव कुणाला माहीत नव्हतं हे ऐकल्यावर त्यांनी मला जायची खूण केली.

शुक्रवारी मुलगा गेला. मी सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन खाली जाते. शुक्रवारी दार उघडलं नाही. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, म्हणजे जागे होते. डबा उंबऱ्यावर ठेवून आले, संध्याकाळी तसाच उचलून आणला. शनिवारीही तेच. लेक म्हणाली, आई, आता जाऊ नकोस, त्यांना तुझं तोंड बघायचं नाही. बरोबरच आहे तिचं. पण मग त्यांनी जेवायचं काय?

आज सकाळी दार चार बोटं उघडलं. माझ्याकडे बघितलं नाही, आत ये म्हणाले नाहीत. डावा हात तेवढा बाहेर आला, डबा घेतला, आणि दार लागलं. संध्याकाळी रिकामा डबा धुऊन बाहेर ठेवलेला होता. एका हाताने धुतलेला, कडांना साबण तसाच.

उद्या पुन्हा जाईन. तू हाताला जप आणि काही झालं तर यापुढे लपवू नकोस. आपल्या दोघा भावंडांना एकमेकांचाच आधार आहे, तेवढा असू दे.

तुझी ताई