सुवर्णवचन नसलेली गोष्ट

बाई, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली आणि तुमची आठवण आली की मला अजून किळस येते. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे तुम्हाला या ओळींत माया शोधत बसावं लागणार नाही.

मी आता पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये लॅबला आहे. व्यापाऱ्याने पाठवलेल्या तुकड्याचा रंग बघायचा आणि तोच रंग पॉलिएस्टरवर उतरवून द्यायचा, हे माझं काम. सुटीच्या दिवशी मी ख्रिस्ती मुलांच्या एका मासिकासाठी अद्भुत गोष्टी लिहू बघते. लिहिण्याआधी मी त्यांचे जुने अंक वाचून काढले. उडणारे घोडे, ढगांवरची राज्यं, बोलणारी मेंढरं. मेंढरू तोंड उघडतं ते उपदेश करायलाच. राजपुत्र गोरा, राक्षस काळाकुट्ट, आणि शेवटी राक्षस गुडघे टेकून रडतो. वाचणारी पोरं उधन्याच्या, लिंबायतच्या मिलवस्तीतली, माझ्याच रंगाची. या मासिकवाल्यांना खरं तर अद्भुत काही नकोच असतं. घोड्याला पंख लावतात ते त्याच्या पाठीवर वचन लादता यावं म्हणून. एवढी किळस येत असूनही मी त्यांना एक गोष्ट पाठवली. ती तुमची होती.

मी शाळेत असताना एका वर्षी शहरात प्लेग येऊन गेला होता. गावाकडे पळालेली घरं हळूहळू परतत होती आणि चर्चमागच्या ओसरीत तुमच्या संडे स्कूलला आम्ही मोजकीच पोरं उरलो होतो. एरवी तुमचं सगळं ठरलेलं असायचं. आधी प्रार्थना, मग बायबलातली गोष्ट, मग त्या गोष्टीचं सुवर्णवचन, म्हणजे बायबलातली एक ओळ, आम्ही घोकायचो आणि पाठ झाल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. एका रविवारी तुम्ही पुस्तक मिटलंत. म्हणालात, "आज पुस्तकातलं नको." आणि खाडीतल्या प्राण्याची गोष्ट सुरू केलीत. मिलचं जसं पाणी येईल तसा तो व्हायचा, सोमवारी जांभळा तर मंगळवारी तपकिरी. लोक त्याला दगड मारायचे. त्याचा मूळ रंग कुठला ते त्यालाही आठवत नव्हतं, आणि तो शोधायला एक मुलगी पाण्यात उतरते.

"बाई, ती मेली नाही? खाडीचा वासच केवढा येतो," कुणीतरी म्हणालं.

"तुझ्या बापाच्या मिलमध्ये तोच वास येतो. तो मेला का?" तुम्ही म्हणालात आणि आम्ही हसलो. तुम्ही जरा थांबलात की आम्ही सगळे एका सुरात, अर्ध्या गुजरातीत विचारायचो, "पछी, बाई? पछी काय झालं?" किती रविवार ते चाललं, मी मोजले नाहीत. पण माझ्या घरी, माझ्या शाळेत, माझ्या आयुष्यात त्याआधी कुणीही कधी नुसती गोष्ट सांगितली नव्हती.

मग एका रविवारी चर्चचे वडील, म्हणजे पंचमंडळातले खजिनदार, मागे खुर्ची टाकून बसले. मुलगी पाण्यात उतरली होती, तळाशी प्राणी डोळे उघडत होता. खजिनदार शांतपणे म्हणाले, "बाई, याचं सुवर्णवचन कुठलं?"

तुम्ही म्हणालात, "याला वचन नाही, साहेब."

"मग ही गोष्ट आली कुठून?"

पुढच्या उपासनेत साक्षीच्या वेळी तुम्ही उभ्या राहिलात. लोक साक्ष द्यायचे ती दारू सुटल्याची, आजार बरा झाल्याची. तुम्ही पदर डोक्यावर ओढून साक्ष दिलीत, की मी प्रभूच्या लेकरांना खोटं शिकवलं, सैतानाने माझी जीभ वापरली. मग आम्हा पोरांकडे वळून म्हणालात, "तुम्हीही क्षमा मागा." आम्ही मागितली. गोष्ट ऐकल्याबद्दल. लोक "आमेन" म्हणाले आणि तुमचा आवाज जराही कापला नाही. तो कापला असता तर मी कदाचित हे लिहिलं नसतं.

दुपारी मी तुमच्या स्वयंपाकघरात आले. तुम्ही भाकरी थापत होतात. मी विचारलं, "त्याचा खरा रंग कुठला होता?" तुम्ही मान वर केली नाहीत.

"तो नव्हताच. आणि पुन्हा विचारलंस तर तुझ्या आईला सांगेन."

निघताना तुम्ही माझ्या हातात वचनांचं एक कॅलेंडर दिलंत. खाली एक गुबगुबीत पांढरं मेंढरू छापलं होतं. मी ते घरी जाईपर्यंतही सांभाळलं नाही. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही वारलात. तुम्ही राहत होतात ती खोली चर्चची होती, तुम्ही विधवा होतात आणि तुम्हाला जायला दुसरी जागा नव्हती, हे मला आता कळतं. कळल्याने किळस कमी होत नाही. फक्त ती नेमकी कुणाची, हे ठरवणं कठीण जातं.

काल संपादकांचा फोन आला. "ताई, गोष्ट छान आहे, पण शेवट अर्धवट वाटतो. प्राण्याला बाहेर काढा आणि पांढराशुभ्र करा ना. पापक्षमा मुलांना दिसली पाहिजे. खाली चौकटीत आम्ही वचन टाकू." मी म्हटलं, "करते." माझाही आवाज कापला नाही. पांढरा काय असतो हे मला विचारा. कापड कधीच आपोआप पांढरं नसतं. त्याचा पिवळेपणा आधी ब्लीचने मारावा लागतो, वर चमक यायला आणखी एक रसायन चढवावं लागतं.

आज मी फोन करून गोष्ट परत मागितली. त्यांनी सुचवलेला शेवट मला मान्य नाही, असं ताठपणे सांगितलं. ते म्हणाले, "मग तुमचा शेवट कुठला?" मी फोन ठेवला.

हा कागद मी कुठे पाठवणार नाही, म्हणून इथे सांगते. माझा शेवट नाही. कुठलाही तुकडा समोर ठेवा, त्याचा रंग मी जुळवून देते. पण तो प्राणी तळाशी डोळे उघडतो तिथे दरवेळी माझं पेन थांबतं आणि मी तुमच्या तोंडाकडे बघत राहते.

पछी, बाई?