उद्घाटनानंतर पाहू

मेयरसाहेब, तुम्हाला जाऊन शंभराच्या वर वर्षं झाली, आणि आज मला विचारायला तुमच्याशिवाय कोणी नाही. तुमच्याच शहराच्या पाणीखात्यात, लॅबमध्ये मी काम करते. जिन्यावर तुमची तसबीर आहे. सात वर्षं येता-जाता तुमच्या मिशा बघतेय. शनिवारी तुमच्या नळयोजनेचा वाढदिवस. त्याची पुस्तिका मीच लिहिली, त्यामुळे तुमचं चरित्र मला तोंडपाठ आहे. लाकडी पिंपं बनवणाऱ्याचा मुलगा, आगीचा बंब ओढणारा स्वयंसेवक, मग खाटकाचं दुकान, मग नगरसेवक, आणि तीनदा मेयर. नदीचं गढूळ पाणी गाळून पिणाऱ्या गावाला तुम्ही घरोघरी नळ दिलात. पहिला नळ सुटला तेव्हा बायका एप्रनला डोळे पुसत होत्या, असं तेव्हाच्या वर्तमानपत्रात आहे. वाचताना मीही रडले. तिकडे माझ्या देशात, यवतमाळला आमच्याकडे आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं, आणि आई स्वयंपाकघरातल्या पिंपाची राखण दागिन्यांसारखी करायची.

गेल्या हिवाळ्यात तळघरातल्या तुमच्या कागदांत एका डॉक्टरचं पत्र सापडलं. शिशाच्या नळ्या घालू नका, लहान लेकरांना बाधतील, असं त्याने अगदी काकुळतीला येऊन लिहिलंय. पाठीवर तुमच्या अक्षरात एक ओळ: ‘उद्घाटनानंतर पाहू.’ पाहिलंत का हो? मी सगळं तळघर उपसलं. तुम्ही पुन्हा निवडून आलात, चौकाला तुमचं नाव मिळालं, पण त्या पत्राचं पुढे काही झाल्याचा एक चिटोराही नाही. आणि मी तरी काय दिवे लावले? पुस्तिकेत ते पत्र घेतलंच नाही. वाढदिवसाला कशाला अपशकुन, म्हटलं.

सोमवारी आमच्याच गल्लीतल्या नळांचे नमुने तपासायला आले. गल्ली जुनी, भाडं कमी, नळ्या तुमच्या काळातल्या. शिसं इतकं निघालं की मी तेच नमुने पुन्हा लावले, पुन्हा तेच. कागद घेऊन आमच्या लॅबच्या साहेबांकडे धावले. त्यांनी तो वाचून टेबलावर पालथा ठेवला. ‘‘सॅम्पलिंगमध्ये काहीतरी चुकलं असेल. शनिवार होऊ दे, मग रीटेस्ट करू. तोवर बाहेर बोलायचं नाही,’’ ते म्हणाले. मी दाराशी पोचले तेव्हा, अगदी मायेने, ‘‘तुझा व्हिसा आपल्याच डिपार्टमेंटकडून आहे ना?’’ जिना उतरताना तुमच्याकडे पाहिलं. तुमची चीड आली, पण स्वतःची जास्त आली.

शेजारी सोलापूरच्या काकू आल्यात, लेकीच्या बाळंतपणाला. नातू दोन महिन्यांचा, वरच्या दुधावर आहे, नळाच्या पाण्यात कालवलेल्या पावडरच्या. मंगळवारी मी पाण्याच्या बाटल्यांचा खोका घेऊन गेले. सांगायचंच असं ठरवून गेले होते. तोंडातून निघालं ते इतकंच, ‘‘सेलमध्ये दोन मिळाले काकू, एक तुम्हाला.’’ त्यांनी खोका कपाटात सरकवला. ‘‘पाहुणे आले की काढू. आपल्याला काय करायच्यात बाटल्या? इथलं हेच तर बरं आहे गं, नळ सोडला की झऱ्यासारखं पाणी. बस, चहा टाकते.’’ माझ्यासमोर नळाखाली पातेलं धरलं. उकळून शिसं जात नाही. नको म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. मी अख्खा कप प्यायले, वर छान झालाय म्हटलं. पलीकडे बाळ बाटली चोखत होतं.

ती ओळ लिहून तुम्ही घरी गेलात, तेव्हा तुम्हाला जेवण गेलं का? आज गुरुवार. बोलले तर नोकरी जाईल, तिच्याबरोबर व्हिसाही, आणि साठ दिवसांत इथून गाशा गुंडाळायचा. मुलीची शाळा, तिच्या बाबांचं चालू असलेलं औषधपाणी, सगळं इथेच. गप्प बसले तर ते बाळ दिवसातून सात-आठ वेळा बाटली पितं. मला काही सुचत नाही हो. जीव नुसता टांगणीला लागलाय. हे पत्र लिहितेय म्हणजे वेळ काढतेय, एवढं मात्र कळतंय.

पत्र कुठे टाकणार? ड्रॉवरमध्येच जाईल. तिथे जाण्याआधी एक कबूल करते. आमच्या घरी सोमवारपासून नळाचं पाणी बंद आहे. भाताला, डाळीला, मुलीच्या दात घासायलाही बाटलीचं. मघाशी तिने विचारलं, ‘‘आई, इज द वॉटर बॅड?’’ मी हो म्हटलं. ‘‘डज आजी नो?’’ शेजारच्या काकूंना ती आजी म्हणते. ‘‘सांगितलंय मी,’’ म्हटलं. तिचा लगेच विश्वास बसला, आणि ती शेजारी पळाली. आज बाळाला बाटली ती पाजणार आहे.