टाचांवर चालून दाखवा

प्रिय बारके,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी चपापली असशील, आणि मग पाकीट तसंच फ्रिजवर ठेवून दिलं असशील. ठेवलं असलंस तरी माझी तक्रार नाही. ‘बारके’ म्हणायचा हक्क फक्त तुझ्या दादाचा होता, वहिनीचा नव्हे, हेही मला कळतं. पण तो गेल्यापासून तीन वर्षांत या घरात तो शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही, आणि आज कागद पुढे ओढल्यावर दुसरं काही लिहवेना.

आधी बातमी सांगते. दुकान चालू आहे. बाहेरची पाटी तीच, अल्टरेशनची कामं तीच. उसवणं, दुमडणं, चेन बदलणं. फक्त दादाचं मशीन मी भिंतीकडे तोंड करून ठेवलं आहे आणि त्यावर तयार कपड्यांचा ढीग ठेवते. माझी तब्येत बरी होती, आता नाही. उजवा पाय बिघडला आहे.

थंडी पडायच्या तोंडावर सगळ्यांना एकदमच आठवतं की कोटाचं अस्तर फाटलंय. तसल्या घाईत पडद्यांचा एक ओला गठ्ठा उचलताना कमरेत काहीतरी चमकलं. दोन दिवसांनी ती चमक कुल्ल्यातून निघाली आणि मांडीच्या मागून थेट पोटरीत उतरली. बसलं की दुखतं, शिंकलं की जीव जातो. मशीनचं पायडल डाव्या पायाने दाबायला शिकले, तर पहिल्या आठवड्यात एका माणसाच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून ठेवले. तो भला होता, हसला. जेवते उभ्यानेच, ओट्याशी. तसंही एकट्या माणसाला ताट मांडून बसायचं कौतुक कुणासाठी?

सल्ल्याला तोटा नाही. एक बस चालवणारा गणवेशाच्या पँटी घेऊन येतो, तो म्हणाला, “ताई, कायरोप्रॅक्टरकडे जा. मणका बसवतात. कडाक् आवाज येतो आणि माणूस नाचत बाहेर पडतो.” समोरच्या औषधाच्या दुकानातला तिथेच उभा होता. तो म्हणाला, “नाचत गेलेलेच सांगायला येतात हो मावशी. उचलून नेलेले कुठे येतात? आधी डॉक्टरला दाखवा.” मग त्या दोघांचीच जुंपली, आणि मी मधे पाय धरून उभी.

माझी सवय तुला माहीत आहे, ऐकलेल्यावर माझा विश्वास बसत नाही, छापलेलं लागतं. चौथीत शाळा सुटली तरी वाचायला मी शिकले ते या दुकानात. दादा पॅटर्न कापायला जुनी वर्तमानपत्रं आणायचा आणि मी कात्री चालवता चालवता ती अक्षर अक्षर लावून वाचायची. बगलेच्या गोलाईपाशी बातमी तुटायची, मग पुढचं काय झालं असेल ते मी मनाने जुळवायची. आता वाचनालयातल्या बाईंनी मला पाठीच्या दुखण्यावरची दोन जाडी पुस्तकं काढून दिली. आठ दिवस मी ती वाचत होते. दोन मणक्यांमधली गादी सरकते आणि पायात जाणाऱ्या नसेवर दाबते, त्याला सायटिका म्हणतात. बहुतेकांचं दीड-दोन महिन्यांत, फार तर तीन, आपोआप कमी होतं. अंथरुणाला खिळण्यापेक्षा हिंडतं-फिरतं राहिलेलं बरं. पाठीवर हाताने उपचार करून घेतल्याने काहींना आराम पडतो, काहींना पडत नाही, आणि कुणाला पडेल हे आधी सांगता येत नाही. इथवर सगळं ठीक होतं.

पुढे लिहिलं होतं की पायातली ताकद कमी झाली असेल, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, हाडं ठिसूळ असतील, पूर्वी कधी कॅन्सर झाला असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल, तर आधी डॉक्टर. तोवर कुणालाही मणक्याला झटका देऊ देऊ नये. मी त्या ओळींखाली पेन्सिलने रेघ मारली, आणि पुस्तक वाचनालयाचं म्हणून लगेच खोडली. खोडताना उजव्या पायातली चप्पल निसटून पडली. आठवडाभर ती अशीच निसटत होती, जिन्यात दोनदा ठेचही लागली होती. मी ती डाव्या पायाने ओढून घेतली आणि पान उलटलं. बघ, छापलेल्यावर विश्वास ठेवणारी मी अशी.

कारण मला जायचंच होतं. हे तुला सांगताना लाज वाटते, पण बाईमाणूस म्हणून तुला कळेल. माझा सगळा दिवस लोकांना हात लावण्यात जातो. खांदे, कंबर, छाती, मनगट. “श्वास सोडा, पोट आत ओढू नका,” असं म्हणत मी दिवसाला वीस माणसांभोवती टेप गुंडाळते. मला मात्र तीन वर्षांत कुणी हात लावलेला नाही. सुट्टे पैसे देताना बोटं लागतात तेवढीच. बसवाल्याने सांगितलं की तिथे अर्धा तास पाठ दाबून मोकळी करतात, तेव्हा मला त्या कडाक् आवाजाचं काही वाटलं नाही. अर्धा तास, एवढंच मी ऐकलं.

तर गेले. खोली अगदी लहान, मधे चिंचोळं टेबल आणि त्यात तोंड ठेवायला भोक. मला वाटलं कुणी दांडगा बाप्या असेल, तर तिशीतली एक मुलगी, केस करकचून बांधलेले. तिने टेबलाकडे नेलंच नाही. समोर बसवलं आणि एकेक विचारत गेली. पाय बधिर होतो का, काकू? नाही. ताकद कमी वाटते? नाही. अडखळता का? नाही. वजन उतरलंय? आधीचं काही मोठं आजारपण? नाही, नाही. पुस्तकातल्या त्याच ओळी होत्या त्या, त्यामुळे कुठल्या प्रश्नाला काय म्हटलं की परत पाठवतील हे मला पाठ होतं. मग ती उठली आणि म्हणाली, “आता टाचांवर चालून दाखवा.”

डावं पाऊल वर उचललं गेलं. उजवं उचलेना. मी दात आवळले, भिंत धरली, तरी पंजा जमिनीवर आपटत राहिला, फट् फट्. इतक्या शांत खोलीत तो आवाज किती मोठा येतो ते मला तोवर माहीत नव्हतं, दुकानात मशीनच्या घरघरीत कुठलं ऐकू येणार. तिने मला खाली बसवलं. पायाचा अंगठा धरून म्हणाली, “वर ओढा, माझ्या हाताविरुद्ध.” ओढता आला नाही. म्हणाली, “काकू, मी आज तुमच्या पाठीला हात लावणार नाही.” मला इतका राग आला म्हणून सांगू! म्हटलं, “मग दाराबाहेर पाटी कशाची लावली आहे?” ती रागावली नाही. कागद घेऊन डॉक्टरांना चिठ्ठी लिहू लागली. लिहिता लिहिता म्हणाली, नसेवर असा दाब असताना मी झटका दिला आणि पाऊल कायमचं लुळं पडलं तर? नस मोकळी झाल्यावर या, मग व्यायाम मी शिकवीन. आणि लघवीचं काही बिनसलं किंवा बसायच्या जागी बधिर वाटलं तर चिठ्ठीबिठ्ठी विसरून त्याच मिनिटाला मोठ्या हॉस्पिटलात जायचं. शेवटी दाराकडे बघत तिने विचारलं, “तुमच्याबरोबर कुणी आलंय का? विचारलेलं पेशंट सांगत नाहीत, बरोबरचं माणूस सांगतं.”

बारके, मी बाहेरच्या बाकावर येऊन बसले आणि तासभर उठले नाही. पायामुळे नव्हे.

दादाची पाठ दुखायला लागली तेव्हा तूच त्या पाठ बसवणाऱ्याचा पत्ता दिला होतास. तुझ्या शेजारणीला गुण आला होता म्हणून. चार महिने आम्ही त्याच्याकडे गेलो. नंतर मोठ्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि सांगितलं की दुखणं पाठीचं नव्हतंच, कॅन्सर मणक्यात उतरला आहे. आणि तो गेला त्या दिवशी, भरल्या घरात, तुझ्या नवऱ्यादेखत, मी तुला म्हणाले की तुझ्या त्या माणसाने माझे चार महिने खाल्ले, तू पत्ता दिला नसतास तर हा आज बसला असता. तू चपला घातल्यास आणि गेलीस. लोकांना वाटलं, दुःखात बाई काहीबाही बोलते. मीही तसंच वाटू दिलं.

आता खरं काय ते ऐक. त्या माणसाने विचारलं होतं. पहिल्याच दिवशी. वजन कमी झालंय का, पडून राहिल्यावरही दुखतं का. दादा ऐटीत म्हणाला, “छे हो, तब्येत ठणठणीत आहे.” मी शेजारच्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसले होते. महिन्याभरापूर्वीच मी त्याच्या तिन्ही पँटी कमरेत आत घेतल्या होत्या. दोन दोन इंच, आणि मग पुन्हा अर्धा. आमच्या धंद्याची एक रीत आहे, गिऱ्हाईक सुटलं तर ‘कापड आटलंय’ म्हणायचं, वाळलं तर ‘धुऊन धुऊन सैल पडलंय’ म्हणायचं. माणसाच्या अंगावर बोट ठेवायचं नाही. मी ते माझ्या नवऱ्यालाही म्हणाले. “सैल पडलंय कापड, आण, आत घेते.” तो म्हणाला, “हल्लीची कापडंच भिकार.” दोघेही हसलो. जगात एकच माणूस असं होतं ज्याला त्याचं वजन किती उतरलंय ते अर्ध्या इंचापर्यंत माहीत होतं, आणि ती बाई त्या स्टुलावर गप्प बसली.

का, हे मला तेव्हा विचारलं असतंस तर सांगता आलं नसतं. आता येतं. त्या माणसाच्या हाताखालून उठला की दादा घरापर्यंत शीळ घालत यायचा. खरं सांगितलं असतं तर त्याने पाठीला हात लावला नसता, डॉक्टरकडे धाडलं असतं, आणि डॉक्टर काय म्हणतील ते आम्हा दोघांना ऐकायचं नव्हतं. चार महिन्यांनी काही फरक पडला असता का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पडला नसताही. पण ते चार महिने तू खाल्ले नाहीस. त्या माणसानेही नाहीत. काल तुझ्या मोठ्या काकूंना फोन करून मी हे सगळं सांगितलं, त्या दिवशी घरात होते त्या सगळ्यांच्या कानावर घाला म्हणाले. त्या म्हणाल्या, “अगं, आणि ती पोर तीन वर्षं...” तुझी माफी मागायला मला तोंड नाही, म्हणून मागत नाही. खरं काय ते तुझ्याकडे असू दे.

माझं म्हणशील तर डॉक्टरांनी पाठीचा एमआरआय काढला. गादी चांगलीच सरकली आहे. येत्या गुरुवारी सकाळी अकराला ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना दाखवायचं आहे, करायचं की थांबायचं ते पाऊल किती गेलंय यावर ते ठरवणार. पाय बधिर होतो का, असं ते विचारतील, आणि मी काय उत्तर देईन ते मला आत्ताच ऐकू येतंय. परवा मोजा काढताना तो रक्ताने चिकटलेला दिसला. पाहते तर उजव्या तळव्यात टाचणी, डोक्यापर्यंत रुतलेली. सकाळपासून तिच्यावर चालत होते आणि मला पत्ता नव्हता. हे मी त्या मुलीला सांगितलेलं नाही, डॉक्टरांना नाही, औषधवाल्याला नाही. फक्त तुला लिहिते आहे. त्यासाठीच कागद घेतला. बारके, गुरुवारी येशील का? माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. नुसती शेजारच्या खुर्चीवर बस, आणि मी ‘नाही’ म्हटलं की डॉक्टरांना टाचणीचं सांग.

तुझीच,
वहिनी