दाभण ताईच्या हातात होतं

लेखकराव,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. मी तुझ्या ताईकडे चालले.

तुझं पुस्तक तुझ्या लेकीने मला वाचून दाखवलं. दुकानात पाणी शिरलं, गाद्यांचा कापूस भिजला आणि सगळ्या घराने मिळून नऊ दिवस खपून गाद्या पुन्हा शिवल्या. छान लिहिलंयस. पण त्यात दाभण घेऊन शिवत बसलेला मुलगा कोण रे? तू तर आतल्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करत होतास, आणि आम्ही पाय न वाजवता फिरत होतो. दाभण ताईच्या हातात होतं. अंगठा सुजला, तरी पोरीने हूं की चूं केलं नाही.

तिची शाळा मी सोडवली, तो दोष माझा. तू तिला गोष्टीतूनही काढलंस. माझ्यावर ताण केलीस!

नात विचारते, "आजी, आत्या तेव्हा कुठे होती?" तिला तूच सांग.

पुस्तक सोबत नेतेय, ताईने मागितलंय. ती अक्षरं लावून लावून वाचेल आणि पानापानात स्वतःला शोधेल. ते मी एकटीने का बघायचं? संध्याकाळी तिकडे ये.

आई