फ्रेंच बाईंच्या पुस्तकात आपली मालवणी

करामा, दुबई

चि. प्रमोदिनी, ताईचे पोटभर आशीर्वाद घे.

आपली नात रुचा, तिच्या कॉलेजातल्या फ्रेंच बाई घरी आल्या होत्या. माणसाच्या तोंडातून आवाज कसे निघतात, त्यावर चाळीस वर्षं पुस्तकं लिहितायत. आता आपल्या मालवणीवर लिहितायत. मी तिसरी पास, आणि पुस्तकात जाणार बघ. पाहुण्यांसमोर बोलतो तसं शुद्ध बोलले, तर त्यांनी आवाज टिपायचं मशीनच बंद केलं. "आजी, बहिणीशी भांडता तसं बोला." मग तासभर तुला शिव्या घातल्या.

त्यांना तुझाही आवाज हवाय. गुरुवारी तुझ्या घशाचं ऑपरेशन. काही होत नाही गं, डॉक्टर हुशार आहेत. जेवतेस ना? तरी माझा सुरेश मशीन घेऊन येतोय, बुधवारच्या आत बोलून घे.

पुस्तक होईल तेव्हा होईल. मला तुझी उलट उत्तरं हवीत, माझ्यापाशी ठेवायला.

तुझी भांडकुदळ,
ताई