शेल्बीच्या मापाचा दस्ता

लॉक हेवन, पेनसिल्व्हेनिया
१२ जून २०१८

ती. ऑरिनमामास,
डेरिकचा सा. न. वि. वि.

जानेवारीत तुझ्या बंदुकांच्या दुकानामागच्या मैदानावर शेल्बीने माझी रायफल उचलली, खांद्याला टेकणारा दस्ता सटासट दोन खाचा आत सरकवला आणि म्हणाली की आता कुठे ही माणसात आली. त्या क्षणी माझं सगळं बदललं. बर्फ भुरभुरत होतं, तिने तुझा कापूस भरलेला कोट घातला होता, बाह्या बोटांपर्यंत लोंबत होत्या. तू शेगडीपाशी उभा राहून हसत होतास, म्हणजे साक्षीदार आहेस.

फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेल्या अर्ध्याला तू नुसतं हूं म्हणतोस, म्हणून लिहितोय. मी कॉलेज सोडलं. दोन वर्षं झाली, अजून दोन राहिली होती, ती ज्याला हवीत त्याने घ्यावीत. आईला तू सांग. निदान भावावर ती भांडी फेकणार नाही.

तुझ्या मिलफर्डहून नदीपलीकडे, न्यू जर्सीतल्या न्यूटनला, शेल्बीच्याच गावात, खोली बघितली आहे. लाकडाच्या वखारीत कामही मिळतंय. ऑगस्टमध्ये तिला लग्नाचं विचारणार. ती रोज फोनवर असते, रात्री दोन-दोन तास, त्यामुळे उत्तर काय येणार ते मला माहीत आहे.

एकच अडचण. न्यू जर्सीत आपल्या रायफलीला मागेपुढे सरकणारा दस्ता चालत नाही. ती तुझ्याकडेच आहे, तर तो एका जागी कायमचा पक्का करून टाक. शेल्बीच्या खाचेवर. मामीला जाऊन वर्ष झालं, तू एकटा नीट जेवतोस ना, तेही कळव.

तुझा,
डेरिक

मिलफर्ड
१९ जून

चि. डेरिक यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईला सांगितलं. भांडी फेकली नाहीत, पण फोन ठेवण्याआधी जे बोलली ते मलाही स्वच्छ ऐकू आलं.

दस्त्याचं. कायद्याला खाच कुठलीही चालते, फक्त तो हलता कामा नये. मी भोक पाडून पोलादी पिन ठोकतो, वरून धातू चिकटवणाऱ्या गोंदाने भरतो आणि घासून सपाट करतो. मग तो दस्ता मोडेल, पण सरकणार नाही. नळीच्या टोकाचं ते ज्वाळा झाकणारं बोंड मात्र काढावं लागेल, ते आणि पिस्तुलासारखी मूठ दोन्ही एकदम तिकडे चालत नाहीत.

तू सव्वासहा फूट उंच. तिच्या खाचेवर पिन मारली तर नेम धरताना तुझं नाक तुझ्याच अंगठ्यावर आपटेल. रायफल तुझी, परवाना तुझा, मग नाक कुणाचं फुटायचं? माझं ऐक, तुझ्या मापाला करतो. आणि पोरीला या सगळ्याचा पत्ता तरी आहे का? तिला एकदा विचार. फोनवर दोन तास बोलता, त्यात एक मिनिट यालाही दे.

मी जेवतो. दुकानात दिवसभर रेडिओ चालू ठेवतो. शब्द लागत नाहीत, पण कुणीतरी आत बोलतंय एवढं कळतं. न्यूटनला कंटाळलास तर इथे दुसरं स्टूल रिकामं आहे.

तुझा मामा,
ऑरिन

लॉक हेवन
२३ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

सल्ला मागितला नव्हता, काम सांगितलं होतं. तिला विचारायचं नाही. विचारून केलं तर त्यात काय राहिलं? तिने रायफल हातात घ्यावी, ती तिला बरोबर बसावी आणि मी तिच्यासाठी काय केलं ते न सांगता कळावं, एवढंच मला हवंय. माझ्या नाकाची काळजी मी करीन.

तुला जमत नसेल तर स्क्रँटनला दुसरं दुकान आहे. रागावू नकोस. रागावलास तरी पिन तिथेच मार.

डेरिक

मिलफर्ड
२ जुलै

चि. डेरिक यास,
आशीर्वाद.

मारली. तू म्हणालास तिथेच. बोंडही काढलं. ये आणि घेऊन जा. येताना केस काप, वखारवाले बिचकतील.

लोभ आहे, तू कितीही भांडलास तरी आहे.

ऑरिन

न्यूटन, न्यू जर्सी
२० ऑगस्ट

ती. मामास,
डेरिकचा सा. न. वि. वि.

खोली बरी आहे. खाली कपडे धुण्याची यंत्रं आहेत, ती दहाला बंद होतात. मग काहीच वाजत नाही. तुझ्या रेडिओचं आता समजतं.

परवा शेल्बी माझ्याबरोबर नेमबाजीच्या क्लबात आली. उकाडा भयंकर होता, तिने बिनबाह्यांचा शर्ट घातला होता. रायफल खांद्याला लावली आणि लगेच खाली घेतली. दस्ता हलवून बघितला, हलेना. म्हणाली की ही कुठल्या पोरासाठी बनवली आहेस. मी म्हटलं, तुझ्यासाठी, जानेवारीत तूच दस्ता या खाचेवर आणला होतास. ती हसायला लागली. म्हणाली की अरे वेड्या, तेव्हा माझ्या अंगावर तुझ्या मामाची अख्खी गादी होती, म्हणून आत घेतली, शर्टात मला पूर्ण खाच बाहेर लागते.

म्हणजे मामा, ती मलाही बसत नाही आणि तिलाही नाही. मी तिला फक्त त्या कोटातच पाहिली होती. बाकी सगळा फोन.

सप्टेंबरात ती केंटकीला चालली आहे, घोड्यांच्या पागेवर कामाला. मे महिन्यापासून ठरलंय. मी म्हटलं, सांगितलं का नाहीस. ती म्हणाली की दोनदा सुरुवात केली होती, पण फोनवर तूच बोलत असतोस. कॉलेज कुणासाठी सोडलं ते मी सांगितलं. तिने रायफल बाकावर ठेवली. मग म्हणाली की हे माझ्यावर टाकू नकोस.

आईला एवढ्यात काही कळवू नकोस. तुझी माया आटली नसेल तर चार ओळी लिही, मागे चिडून लिहिलं ते मनात ठेवू नकोस.

तुझा,
डेरिक

ता. क. लग्नाचं विचारलं का, हे तू विचारशीलच. काल संध्याकाळी ते विचारायलाच तिच्या घरी गेलो होतो. तिने मक्याची कणसं उकडली होती, माझ्यापुढे ताट ठेवलं, लोणी सरकवलं आणि केंटकीतल्या एका शिंगराबद्दल सांगत बसली. मला तिला इतकं खुश कधी फोनवर ऐकल्याचं आठवेना. एकदाही मधे बोललो नाही. तिचं सांगून झालं तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं, मी काय बोलतो म्हणून थांबली. मी म्हटलं की कणसं छान झाली होती. उठलो. दार आपटावंसं वाटत होतं, पण आतल्या खोलीत तिचे बाबा झोपले होते. बाहेर आलो आणि कडी बसेपर्यंत मूठ धरून दार हळूच लावून घेतलं.